सरासरीने पुसलेल्या लहरी

ईईजीच्या, म्हणजे डोक्यावरून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत्-नोंदीच्या, गोंधळातून प्रतिसाद वेगळा काढायची पहिली भरवशाची युक्ती सरासरीची. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये जॉर्ज डॉसन यांनी १९४७ साली मनगटाच्या नसेला विजेचे धक्के दिले आणि ईईजीच्या रेषा एकाच फिल्मवर एकावर एक उमटवल्या. धक्क्यानंतर दर वेळी ठरल्या क्षणी येणारी हालचाल गडद झाली, बाकीचे फिके पडले. १९५१ मध्ये त्यांनी सरासरी काढणारे यंत्रच दाखवले.

शंभर फेऱ्यांची, म्हणजे तोच धक्का पुन्हा पुन्हा देऊन घेतलेल्या नोंदींची, सरासरी घेतली की गोंधळ दहाव्या हिश्श्यावर येतो. या सोयीपायी दुसरे काय पुसले जाते, याकडे बराच काळ फारसे लक्ष गेले नाही. ४० हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचे. एका फेरीत लहर साडेबारा मिलिसेकंद उशिरा उठली, तर तिचे शिखर आधीच्या फेरीतल्या दरीवर येते आणि बेरीज शून्य. लहर दोन्ही फेऱ्यांत होती. सरासरीत तिचा मागमूस नाही.

१९७७ मध्ये फुर्टशेलर आणि अरानिबार यांनी क्रम उलटवला: आधी प्रत्येक फेरीतली ताकद मोजायची, सरासरी मग. ताकद कधी उणे नसते, त्यामुळे ती एकमेकींना खोडत नाही.

१९९६ मध्ये ल्याँच्या कॅथरीन तालाँ-बोद्री आणि सहकाऱ्यांनी कानिझाचा त्रिकोण दाखवला, प्रत्यक्षात न काढलेला तरी डोळ्यांना दिसणारा. सुमारे ९० मिलिसेकंदांवरची, दर फेरीत ठरल्या क्षणी उठणारी ‘इव्होक्ड’ लहर कुठल्याही आकृतीला सारखीच होती. २८० च्या सुमाराची, फेरीगणिक फेज (शिखर-दरीची वेळ) बदलणारी ‘इंड्यूस्ड’ लहर मात्र त्रिकोण दिसला की बळावे. मला हा या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

मग प्रत्येक फेरीतून सरासरी वजा करायची आणि उरेल ते ‘इंड्यूस्ड’, ही रीत रुळली. ती गणिताची वाटणी आहे, मेंदूची असेलच असे नाही. प्रतिसाद फेरीगणिक थोडा मागेपुढे झाला किंवा लहानमोठा झाला, तरी वजाबाकीनंतर त्याचा अंश उरतोच. डेव्हिड, किल्नर आणि फ्रिस्टन यांनी २००६ मध्ये हे प्रतिमानांतून मांडले.

खरा धक्का २००८ चा. युवाल-ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की चित्र दिसल्यावर २०० ते ३०० मिलिसेकंदांत डोळे किंचित हलतात आणि त्यांच्या स्नायूंचा विद्युत्-स्फोट डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमध्ये हुबेहूब इंड्यूस्ड गॅमासारखा, म्हणजे ४० हर्ट्झच्या आसपासच्या त्या लहरीसारखा, दिसतो. वजाबाकी चोख असली, तरी उरलेले मेंदूचेच आहे हे ती सांगू शकत नव्हती. त्या काळातले डोक्यावरून टिपलेले असे निष्कर्ष, डोळ्यांची नोंद सोबत नसेल तर, मी आज पुरावा म्हणून धरणार नाही.