१६ जून ते १५ ऑगस्ट

जबलपूरच्या वर्तमानपत्रांत दर जूनमध्ये एक छोटी सरकारी सूचना येते. अनेक वर्षं मी ती कापून ठेवत आलो आहे. मजकूर जवळपास तोच. मध्य प्रदेश नदीय मत्स्योद्योग नियम, १९७२ नुसार १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी, माशांची वाहतूक आणि खरेदी-विक्री बंद. नियम मोडला तर १९८१च्या सुधारित कायद्याप्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यातली जाळ्यावरची बंदी दुय्यम, तराजूवरची खरी. नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या पसरलेल्या जलाशयात रात्री कोण कुठे जाळं टाकतं, हे कुठला निरीक्षक बघणार? मासा मात्र विकला जायचा तर शहरातल्या गोहलपूरसारख्या दाट वस्तीत, गिऱ्हाइकासमोर उघड्यावर यावाच लागतो.

मासे वाचवायचा दुसरा मार्ग लांबीचा. महाराष्ट्राने २०२३मध्ये ५४ जातींच्या समुद्री माशांना किमान लांबी ठरवून दिली. पापलेटला १३५ मिलिमीटर. तिथे पिल्लू वाचवायचं आहे. नर्मदेवर पावसाळ्यात वाचवायची ती आई. रोहू, कटला, मृगळ पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. जुलैत पाटीवरचा सगळ्यात मोठा, फुगल्या पोटाचा मासा बहुधा गाभोळीने भरलेली मादी असते. अंडी लाखांनी. मोजपट्टी इथे निरुपयोगी, तारीखच हवी.

पण नियमाला एक खिडकी आहे. नदी-नाल्याशी न जोडलेले छोटे तलाव बंदीतून वगळले आहेत. तलाववाल्याच्या दृष्टीने ते रास्तच. मात्र बर्फात ठेवलेला तलावाचा रोहू आणि नर्मदेचा रोहू नुसत्या डोळ्यांनी कसे ओळखणार? युरोपीय संघ २०१०पासून आयात होणाऱ्या समुद्री माशासोबत तो कुठे, कुठल्या बोटीने धरला याचा दाखला मागतो. या दोन महिन्यांत तलावातून निघालेल्या प्रत्येक खेपेबरोबर तशी साधी पावती सक्तीची करायला काय हरकत आहे?

कात्रणांच्या पलीकडे शोधत गेलो तेव्हा बरगीच्या विस्थापितांचा झगडा हाती लागला, आणि मग तिथून मन हलेना. धरणाने जबलपूर, मंडला, सिवनी या जिल्ह्यांतली १६२ गावं बाधित झाली. जमीन बुडाली त्या पाण्यात ठेकेदाराची माणसं जाळी टाकणार आणि ज्यांची शेतं तळाशी गेली ते चोर ठरणार, हे लोकांनी मानलं नाही. लढून १९९४मध्ये त्यांनी मासेमारीचा हक्क मिळवला. ५४ प्राथमिक सोसायट्यांचा सहकारी संघ उभा राहिला. दोन वर्षांनी तवा धरणावरही असाच संघ आला. बरगीचा हक्क मात्र २०००च्या सुमारास पुन्हा राज्याच्या मत्स्य महासंघाकडे गेला, आणि मागोमाग ठेकेदारी परतली. हा उघड अन्याय होता. पुढच्या हंगामाचा मासा आपलाच आहे अशी खात्री असलेला माणूस जुलैत जाळं वाळत घालतो. ठेका संपत आलेल्याने ते का करावं?

बंदीच्या काळात मदत आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मासेमार १,५०० रुपये भरतो, सरकार ३,००० घालतं, आणि तीन महिने दरमहा १,५०० मिळतात. म्हणजे दिवसाला ५० रुपये, त्यातही एक तृतीयांश त्याचेच.