टाकता न येणारी हत्यारे

डहाणू-तलासरीच्या एखाद्या पाड्यावरून आलेली बाई तपासणीच्या टेबलावर आहे. नर्स तिच्या गर्भाशयाच्या मुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, कापसाने लावते आणि मिनिटभर थांबते. निरोगी जागा गुलाबीच राहते, बिघडू लागलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. ना प्रयोगशाळा, ना यंत्र! टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या बायकाच ही तपासणी करत होत्या. तिने गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवले.

असा पांढरा डाग दिसला, तर आज तो जाळतात किंवा कापून काढतात. पण दंडात लस टोचून तो पुसता येईल?

डाग ही बहुधा एचपीव्ही विषाणूची करणी. मग एचपीव्ही रोखायला मुलींना देतात ती लस इथे का चालत नाही? ती ओळखते विषाणूचे बाहेरचे कवच, आणि पेशीत घुसल्यावर त्याने ते केव्हाच उतरवलेले असते. घरात शिरलेल्या चोराला वेशीवरचा राखणदार कसा धरणार?

आता खरी गंमत. विषाणूची ई७ आणि ई६ ही दोन प्रथिने सारा घात करतात. ई७ पेशीच्या वाढीचा ब्रेक निकामी करते. ई६ बिघडलेल्या पेशीला स्वतःला संपवू देत नाही. ही दोन्ही थांबली, की बेफाम वाढही थांबते. म्हणजे ज्या हत्यारांच्या जोरावर हा शत्रू पसरतो, तीच त्याला टाकून पळता येत नाहीत!

व्हीजीएक्स-३१०० ही प्रायोगिक लस नेमकी त्यांच्यावरच बेतलेली. तिच्यात असते फक्त डीएनएत लिहिलेली कृती. दंडाच्या स्नायूत टोचून विजेचा बारीक झटका दिला, की स्नायूच्या पेशी ती वाचून निरुपद्रवी केलेली ई६-ई७ स्वतःच रांधतात. शरीराच्या लढवय्या टी-पेशी ती ओळखायला शिकतात आणि रक्तातून थेट गर्भाशयाच्या मुखापर्यंत पोचतात. दंडातून तिथवर!

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लस घेतलेल्या जवळजवळ निम्म्या बायकांचा बिघाड ओसरला. आणि लस न मिळालेल्यांत? तिथेही सुमारे ३० टक्के जणींचा! शरीर आपणहूनही हे करते, लस त्याला बळ देते. नेदरलँड्समध्ये दुसऱ्या एका लशीने १८ पैकी ९ जणींत असेच घडले. तरी पुढच्या मोठ्या चाचण्यांत व्हीजीएक्स-३१०० पुरेशी ठरली नाही, आणि गर्भाशयाच्या मुखावरच्या या बिघाडासाठी अशी कोणतीही लस अजून दवाखान्यात आलेली नाही.

ते व्हिनेगरचे मिनिट मात्र आजच हाताशी आहे. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा, आणि जाताना आईला, सासूला, मावशीला सोबत न्या.