इझमीर ते तासगाव : बेदाण्याच्या एका कृतीचा प्रवास

फेब्रुवारी-मार्चमध्ये मिरजेहून पूर्वेला, कवठेमहांकाळ तालुक्यातील नागजकडे निघाले की हिरव्या जाळीने वेढलेली लांबलचक बेदाणा शेड दिसू लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका शेडवर मी बागायतदाराला विचारले, ‘‘ही रीत मूळची कुठली?’’ तो हसून म्हणाला, ‘‘कुठली म्हंजे? आमचीच की!’’ मी कृषी पदवीधर नाही. पण या उत्तराने मला जुन्या पुस्तकांमागे आणि बागांमधून बरेच फिरवले.

आधी कृती पाहू. पिकलेल्या द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तो मण्यातले पाणी धरून ठेवतो. म्हणून लिटरभर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, मिसळतात आणि घड त्यात काही मिनिटे बुडवतात. त्याने मेणाच्या थरातून पाण्याला वाट मिळते. मग घड रॅकच्या जाळीवर पसरतात. साधारण पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो. झटपट वाळल्यामुळे मणी काळवंडत नाही.

या कृतीचे मूळ फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला याने राखेच्या उकळत्या क्षारपाण्यात थोडे तेल घालून द्राक्षे बुडवण्याची रीत नोंदवली आहे. राखेतला क्षार म्हणजे आपले पोटॅशच. पुढे ग्रीस आणि तुर्कस्तानातील इझमीर, म्हणजे जुन्या स्मिर्नाच्या परिसरात पोटॅश आणि ऑलिव्ह तेलाचे मिश्रण रूढ राहिले. तिथून ही रीत ऑस्ट्रेलियात गेली. मरे नदीकाठच्या मिल्ड्युरा येथे चॅफी बंधूंनी १८८७ मध्ये कालव्याच्या पाण्यावर वसाहत वसवली होती. त्या भागात तारेच्या जाळीचे रॅक आले आणि ऑलिव्ह तेलाच्या जागी तयार डिपिंग ऑइल आले. आपल्याकडच्या संशोधन संस्था या द्रावणाला आजही ‘ऑस्ट्रेलियन डिप’ म्हणतात. आलेल्या वाटेचा पुरावा नावातच आहे.

वेलही अशीच फिरून आली. स्मिर्नाकडची बिनबियांची ‘सुलताना’ कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसन यांच्या नावाने ‘थॉम्पसन सीडलेस’ झाली आणि त्याच नावाने महाराष्ट्रात रुजली.

मग बागायतदाराचे ‘आमचीच’ खोटे का? नाही. इथे आल्यावर कृती बदलली. आपल्या बाजाराला हिरवट-पिवळा बेदाणा हवा असतो. म्हणून उघड्या उन्हाऐवजी छप्पर आणि जाळीच्या सावलीत वाळवण होऊ लागली. तासगाव-मिरजेच्या बागांतला माल पर्जन्यछायेतील नागज, जुनोनीच्या कोरड्या वाऱ्यात नेण्याची पद्धत पडली. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनच्या बागेत वेगळी निघालेली फांदी हेरली, जोपासली आणि ‘तास-ए-गणेश’ हे वाण उभे राहिले. बागायतदार संघाच्या चर्चासत्रांतून आणि एकमेकांच्या बागा पाहून हे शहाणपण पसरले. काडी शेजाऱ्याला देता येत होती, द्रावणाचे प्रमाण तोंडी सांगता येत होते.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातले उदाहरण याच्या उलट आहे. महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरी इंग्रजांच्या काळात आली. लागवडीचे कसब तिथल्या शेतकऱ्याने पूर्ण आत्मसात केले. २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ‘स्वीट चार्ली’, ‘विंटर डॉन’ ही वाणे फ्लोरिडाची, ‘कामारोसा’ कॅलिफोर्नियाची. मातृरोपे आजही परदेशातून मागवावी लागतात. पीक रुजले, पण त्याचे बियाणे हाती आले नाही. नवी रीत आपली झाली का, हे ओळखायची माझी खूण हीच : ती पुन्हा विकत न आणता शेजाऱ्याला देता येते का?

मात्र या खुणेवर बेदाणाही अर्धाच उतरतो. वाळवण बदलली, विक्री जुनीच राहिली. सौद्याच्या वेळी पेटी फोडून बेदाणा उधळायची चाल वर्षानुवर्षे चालली. खाली सांडलेला माल शेतकऱ्याच्याच हिशेबात जातो, म्हणून ती बंद करावी अशी मागणी शेतकऱ्यांना करावी लागली. ज्याने चार किलोंचा एक किलो केला, त्याला ती मूठ मोठी असते. इझमीर-मिल्ड्युराची वाळवण पाहिली तशी तिथली वजनाची, प्रतवारीची आणि सौद्याची पद्धतही कुणीतरी जाऊन पाहायला हवी होती. नागजच्या त्या बागायतदाराला आता पुन्हा भेटलो, तर विचारेन, ‘‘शेड तुमचे, ते मान्य. सौदा कुणाचा?’’