लिनक्स घरोघरी : अपडेटनंतरच्या ‘डब्ल्यू’ची भानगड

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि विंडोज ११ न पेलणारी बरीच जुनी मशिनं लिनक्सकडे वळली. संगमनेरच्या एका वाचकांनी त्यांच्या झेरॉक्सच्या दुकानातला असाच एक कॉम्प्युटर लिनक्स मिंटवर आणला. परवा अपडेट टाकताना टर्मिनलवर ‘डब्ल्यू’ने सुरू होणाऱ्या ओळींची रांग लागली. त्यांनी फोटो पाठवला आणि खाली विचारलं, “सर, मशीन गेलं का?”

फोटोतली एक ओळ अशी : ‘डब्ल्यू : पॉसिबल मिसिंग फर्मवेअर /लिब/फर्मवेअर/आरटीएल_एनआयसी/आरटीएल८१२५ए-३.एफडब्ल्यू फॉर मॉड्यूल आर८१६९.’

मशीन कुठेही गेलेलं नाही. नवा कर्नल आला की ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ हा प्रोग्राम चालतो. मशीन सुरू होताना सगळ्यात आधी लागणाऱ्या मॉड्यूलांची तो एक फाइल बांधतो. आपल्या मशिनात नेमकं काय बसवलंय हे तो सहसा बघत नाही. लागतील अशी बहुतेक मॉड्यूलं भरून टाकतो. प्रत्येक मॉड्यूलमध्ये लागू शकणाऱ्या फर्मवेअर फाइलींची यादी असते. त्यातली एखादी डिस्कवर सापडली नाही, की ‘डब्ल्यू’ची ओळ येते. ‘आर८१६९’ हे एकच मॉड्यूल रिअलटेकच्या अनेक नेटवर्क चिप सांभाळतं. वाचकांच्या मशिनात ८१११ आहे, ओरड चाललीय ८१२५साठी. मतदार यादीत नाव असतं, पण माणूस केव्हाच चाकणला कामाला गेलेला असतो, तसंच हे.

हे टाळता येणार नाही का? येईल, पण थोडं थांबावं लागतं. मिंटमध्ये फर्मवेअर ‘लिनक्स-फर्मवेअर’ या वेगळ्या पॅकेजमधून येतं. कर्नलला नव्या चिपची नावं आधी कळतात, फाइली मागाहून पोचतात. कुठल्या तरी साइटवरून त्या फाइली उतरवून /लिबमध्ये कोंबण्याचा उद्योग मला तरी बिलकूल पसंत नाही.

आपली चिप कोणती आणि ती कोणत्या मॉड्यूलवर चालते, हे ‘एलएसपीसीआय -के’ सांगतं. मग मशीन रीस्टार्ट करून ‘सुडो डीमेसेज’मध्ये ‘फर्मवेअर’ शोधा. तिथे आपल्याच चिपच्या नावापुढे ‘फेल्ड विथ एरर -२’ दिसलं, तर लक्ष द्या. -२ म्हणजे फाइल सापडली नाही. तरी लगेच घाबरू नका. इंटेलचं वाय-फाय आधी नव्या आवृत्तीची फाइल मागतं, ती नसली की जुनी उचलतं आणि कामाला लागतं. वाय-फाय चालू असेल तर विषय संपला.

‘टेन्ट्स कर्नल’ ही ओळ वेगळी. एनव्हिडियाचं बंदिस्त मॉड्यूल किंवा बाहेरून बांधलेलं वाय-फाय डाँगलचं मॉड्यूल चढलं, की कर्नल स्वतःवर तशी खूण करून ठेवतो. /प्रॉक/सिस/कर्नल/टेन्टेडमध्ये १२२८८ आकडा असेल, तर तो ४०९६ अधिक ८१९२ : मॉड्यूल बाहेरचं आहे आणि त्यावर सही नाही. बिघाडाची तक्रार आली, तर कर्नल बनवणारे आधी हा आकडा बघतात. तुमचं रोजचं काम त्याने अडत नाही. सिक्युअर बूट चालू असेल, तर मात्र असं बिनसहीचं मॉड्यूल सहसा चढतच नाही आणि डाँगल बंद पडतो.

खरी धास्ती घ्यावी ती तीन गोष्टींची : अशी बाहेरची मॉड्यूलं नव्या कर्नलसाठी बांधणाऱ्या डीकेएमएसने ‘बॅड रिटर्न स्टेटस’ म्हणणं, /बूटमध्ये ‘नो स्पेस लेफ्ट’ येणं, आणि आपल्या नगर जिल्ह्यात ऐन अपडेटमध्ये लाइट जाणं. लाइट गेली आणि मशीन नव्या कर्नलवर उठेना, तर ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा आणि ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. इन्व्हर्टर नसेल, तर भारनियमनाची वेळ बघूनच अपडेटला हात घाला.

शंका पाठवताना पडद्याचा फोटो नको. ओळी कॉपी करून पाठवा, सोबत ‘एलएसपीसीआय -के’चा मजकूर जोडा. पुढच्या आठवड्यात, /बूट भरल्यावर कोणते कर्नल काढायचे आणि कोणता ठेवायचा ते बघू.