चारकोपची मेट्रो आणि वेळापत्रकातली पहिली ओळ

ऑगस्ट २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते चारकोप–वांद्रे–मानखुर्द मेट्रोचं भूमिपूजन झालं. सुमारे ३२ किलोमीटर, २७ स्थानकं. काम रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या नेतृत्वाखालच्या कंपनीकडे. नोव्हेंबर २०१४ मध्ये करार गुंडाळला गेला, तोवर बांधकामाला हातही लागला नव्हता.

नियोजनाची साधनं नव्हती, असं मुळीच नाही. ड्युपाँट कंपनीने क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ मध्येच बसवली होती आणि त्यावर चालणाऱ्या प्रायमाव्हेरा या सॉफ्टवेअरची कंपनी १९८३ ची. लिंक रोडवरचा एकच खांब घ्या. आधी चर खणून जमिनीखालची जलवाहिनी शोधायची, ती हलवायची, मग जमिनीत खोल पाइल, त्यावर पाइल कॅप, खांब आणि वर गर्डर. यातलं कुठलं काम कुणावर अडून आहे हे एकदा भरलं, की कुठला उशीर खपून जाईल आणि कुठला उद्‌घाटनाची तारीख ढकलेल, ते संगणक सांगतो.

चारकोपला मात्र घोडं पेंड खात होतं ते वेळापत्रकाच्या पहिल्याच ओळीवर. डेपोच्या जागेत खारफुटी, किनारा नियमनाची परवानगी अडलेली, मार्गाची जागा हातात नाही. ही ओळ ठेकेदाराच्या पडद्यावर दिसते. पुढे सरकते ती मंत्रालयातून.

दुसरा डाव ऑक्टोबर २०१५ मध्ये मांडला गेला. दहिसर ते डी. एन. नगर हा चारकोपवरून जाणारा १८.६ किलोमीटरचा २अ मार्ग दिल्ली मेट्रोकडे सोपवला. त्या संस्थेला तिचे माजी प्रमुख ई. श्रीधरन यांची शिस्त. कोकण रेल्वेच्या कामावर उलटी मोजणी करणारी घड्याळं लावणारे ते हेच. यावेळी खांब भराभर उभे राहिले.

मग करोना आला, मजूर गावी गेले. असा धक्का कुठल्याच वेळापत्रकात धरलेला नसतो. तारखा नव्याने बसवायच्या, एवढंच हाती उरतं. जानेवारी २०२१ मध्ये पहिली गाडी बेंगळुरूहून चारकोप डेपोत आली, ३१ मे रोजी चाचणी सुरू झाली, २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला डहाणूकरवाडीपर्यंतचा टप्पा खुला झाला आणि १९ जानेवारी २०२३ ला उरलेल्याचं उद्‌घाटन झालं. उशीर झालाच, पण कुठे आणि किती, ते मोजता आलं.

मुंबईत आणखी मार्गांची कामं चालू आहेत. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने खांब-गर्डरांच्या टक्केवारीसोबत जागा आणि परवानग्यांच्या ओळीही, जबाबदार अधिकाऱ्याच्या पदासह, लोकांपुढे ठेवाव्यात.