राउटर बैठकीत, लेक मागच्या खोलीत

"अम्मी, फिर गोल-गोल घूमरा!"

मागच्या खोलीतून ही हाक आली की नेट गेलं, हे आमच्या घरात सगळ्यांना कळायचं. थोरली बारावी सायन्सला, एमएचटी-सीईटीची तयारी लॅपटॉपवर चाललेली. सराव परीक्षा तीन तासांची, नव्वद-नव्वद मिनिटांचे दोन भाग. एका संध्याकाळी दुसऱ्या भागाची वीस मिनिटं उरली असताना स्क्रीन अडकली आणि सगळा पेपर वाया गेला. ती रडली नाही. लॅपटॉप मिटवून म्हणाली, "क्लास बंद कर डालो, पैसे तो बचेंगे."

ते वाक्य आम्हाला लागलं. टेंभुर्णी हायवेवरचं गाव, नेटवर काम करून देणारी दुकानं आहेत. पण रात्री नऊला संपणाऱ्या पेपरसाठी मुलीला तिथं बसवायला घरात कोणी तयार नव्हतं. मुलगा असता तर मोटारसायकल काढून गेला असता. म्हणजे घरचं नेट नीट नाही तर तिचा अभ्यासच नाही.

सगळे करतात तेच आधी आम्हीही केलं. केबलवाल्याला फोन करून 40 एमबीपीएसचा प्लॅन 100 चा करून घेतला. दोन महिने जादा पैसे भरले, फरक शून्य. उजनीतून कालव्याला पाणी कितीही सोडा, आपल्या शेताची चारी बुजलेली असेल तर ऊस वाळणारच. प्लॅनचा वेग दारातल्या डब्यापर्यंतचा असतो. डब्यापासून टेबलापर्यंतचं अंतर वाय-फायच्या लहरींना तोडावं लागतं, आणि तिथं प्लॅन कामाला येत नाही.

मग आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंनी एक साधी परीक्षा सांगितली. लॅपटॉप घेऊन राउटरच्या शेजारी बसा आणि वेग मोजा. तिथंही कमी आला तर दोष कंपनीच्या लाइनचा. तिथं चांगला आणि खोलीत वाईट असेल, तर खोलीतल्या त्याच टेबलावर फोन ठेवून मोजा. दोन्ही मंद असतील तर दोष भिंतींचा किंवा राउटरच्या जागेचा. फोन चांगला आणि लॅपटॉप मंद असेल तर दोष लॅपटॉपचा. खर्च काही नाही, दहा मिनिटांचं काम. आमच्याकडे राउटरजवळ वेग उत्तम निघाला. खोलीत फोन मध्यम आणि लॅपटॉप अगदी मरगळलेला. म्हणजे दुखणी दोन होती.

पहिलं दुखणं जागेचं. केबलवाल्यानं वायर जिथून आत आली तिथंच डबा ठोकला, म्हणजे बैठकीत, टीव्हीच्या शोकेसमध्ये, आरशामागे. बैठकीत पाहुणे बसतात, दादीअम्मा टीव्ही बघतात. मुलगी शिकते सर्वांत मागे, आणि मध्ये जुन्या वाड्याची दगड-मातीची दोन फुटी भिंत, तिला टेकून लोखंडी कपाट. आरसा आणि लोखंड लहरी परतवतात, जाड भिंत त्या गिळते. डबा बसवताना शिकणारं माणूस कुठं बसतं, हे कोणी विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

हल्लीचे बरेच राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झच्या. आपल्याकडे पहिला पट्टा 2005 साली विनापरवाना खुला झाला, दुसऱ्याचा मोठा भाग 2018 साली. 5 चा वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो. 2.4 लांब जातो, मात्र तिथं गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे त्याच वाटेवर. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. राउटरच्या सेटिंगमध्ये त्यातला कमी गर्दीचा निवडता येतो. आम्ही लॅपटॉप 2.4 वर ठेवला आणि चॅनेल बदलला. थोडा फरक पडला, पण पेपर पूर्ण होईल असा नाही.

शेवटी डबाच हलवला. केबलवाल्यानं तीनशे रुपये घेऊन वायर वाढवली आणि डबा माजघरात, दाराच्या वर, डोक्याहून उंच लावला. फायबरची वायर कोपऱ्यात घडी घालून दाबायची नसते, आतली काच तुटते. ती त्यानं गोल वळण देऊन आणली. लोखंडी कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवलं. दादीअम्मांचा एकच प्रश्न होता, "मेरा टीवी तो चलेगा ना?"

फोन आता मागच्या खोलीत झकास चालू लागला. लॅपटॉप मात्र तसाच. त्यात बॅटरी वाचवण्यासाठी वाय-फाय कार्ड झोपवण्याची सोय असते; डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स उघडून पॉवर मॅनेजमेंटमधली ती खूण आम्ही काढली. कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकला. अडकणं कमी झालं, सिग्नलच्या रेघा मात्र वाढल्या नाहीत.

तेव्हा मुलांच्या अब्बांना आठवलं की लॅपटॉपची बिजागरी मागच्या उन्हाळ्यात तुटली होती आणि आपण ती दुरुस्त करून घेतली होती. लॅपटॉपचा अँटेना बहुतेक वेळा स्क्रीनच्या चौकटीत असतो. तिथून दोन बारीक वायरी, साधारणपणे एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. दुसऱ्या कारागिराकडून उघडून घेतला तर काळी वायर जागेवर, आणि पांढरी बाजूला मोकळी लोंबत होती. टोकाची गुंडी तेवढी दाबून बसवायची राहिली होती! अशा लॅपटॉपचं लक्षण हेच, राउटरजवळ सगळं ठीक आणि लांब गेलं की जीव जातो. तुमचा लॅपटॉपही दुरुस्तीनंतर मंद झाला असेल तर आधी हे बघून घ्या. पण घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका, त्या गुंड्या फार नाजूक असतात.

घरात रिपीटर घ्यायची गोष्टही निघाली होती. तो आधीच दुबळा झालेला सिग्नल पुढं ढकलतो आणि साध्या रिपीटरमध्ये वेगही बराच पडतो. आपल्या गावातल्या लांबट घरांना आमच्या मते लॅनची वायर बरी. ती शंभर मीटरपर्यंत चालते आणि तिच्या टोकाला दुसरा साधा राउटर लावता येतो. वीज गेली तर राउटर बंद पडतो, त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. परीक्षेच्या दिवसांत आम्ही तो घेतला.

पुढच्या रविवारी तिनं पूर्ण तीन तासांचा पेपर दिला. आम्ही माजघरात कांदे चिरत बसलो होतो, हाक आली नाही. दार उघडून ती बाहेर आली आणि केमिस्ट्रीत किती चुकलं ते सांगू लागली.

आता तक्रार बैठकीतून येते. टीव्हीवर मालिका अडकते म्हणून दादीअम्मा नाराज आहेत. टीव्ही जागचा हलत नाही, त्याला वायर ओढून द्यायची असं ठरलं आहे. केबलवाला उद्या येतो म्हणाला, त्याला आज आठ दिवस झाले.