कुलाब्याचे आरसे आणि नंदनवनातलं पॅनेल

नागपूरच्या नंदनवन भागातल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे, की सूर्यामागे फिरणारं सौर पॅनेल घरीच, स्वस्तात करायचं तर सेन्सर कोणता घ्यावा? माझं उत्तर असं, की सेन्सर राहू द्या, आधी विल्यम ॲडम्सला भेटा.

ॲडम्स हा 1870 च्या दशकात मुंबईच्या हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होता. फ्रान्समध्ये त्याच सुमारास ऑगस्टिन मूशो मोठ्या शंकूच्या आकाराच्या आरशाने पाण्याची वाफ करून दाखवत होता. तसला आरसा घडवणं महागाचं, म्हणून ॲडम्सने साधे सपाट आरसे घेतले. 17 इंच बाय 10 इंचांचे 72 आरसे एका चौकटीत बसवून त्याने सगळ्यांचा झोत एकाच बॉयलरवर आणला. बॉयलर जागचा हलत नसे. आरशांची चौकट मात्र अर्धगोल मार्गावरून सरकायची, आणि ती सरकवायला एक माणूस पुरायचा. मिडल कुलाब्यात या जोडणीवर अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन चाललं. त्याच्या सौरचुलीवर जानेवारीत सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजलं होतं. 1878 मध्ये त्याने यावर पुस्तकही लिहिलं. मधोमध बॉयलर आणि भोवती फिरणारे सपाट आरसे ही आजच्या सौर मनोऱ्यांचीच कल्पना आहे. तरी कौतुक मूशोच्या वाट्याला येतं आणि ॲडम्स तळटिपेत राहतो, याची मला फार खंत वाटते.

आता पॅनेलकडे येऊ. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये दोन एलडीआर (उजेड ओळखणारे सेन्सर), त्यांच्यामध्ये काळ्या पुठ्ठ्याची उभी भिंत, एक अर्डुइनो आणि मोटर असा ठरलेला बेत असतो. ज्या एलडीआरवर सावली पडेल त्याच्या उलट बाजूला मोटर फिरते. शिकायला हे उत्तम. पण इतकी अचूकता आरशाला लागते, पॅनेलला नाही. पॅनेलवरचं ऊन कोसाइनने घटतं. नेम साडेसात अंशांनी चुकला तरी नुकसान एक टक्क्याहून कमी होतं. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. म्हणजे पॅनेल अर्धा तास पुढे रोखून ठेवलं आणि दर तासाला हाताने सरकवलं, तरी हातचं फारसं काही जात नाही. कुलाब्याच्या त्या माणसाचं काम इथे एखादी आजीसुद्धा सहज करील.

खरी गंमत आसात आहे. नागपूरचा अक्षांश सुमारे 21 अंश. गच्चीवर लोखंडी पाइप दक्षिणोत्तर ठेवून त्याचं उत्तरेकडचं टोक 21 अंश उचला, म्हणजे ते ध्रुवाकडे रोखलं जाईल. पॅनेल या पाइपला समांतर बसवून त्याच्याभोवती फिरवायचं. सूर्य वर्षभरात उत्तरेला-दक्षिणेला साडेतेवीस अंश जातो, तरी याने होणारं नुकसान जास्तीत जास्त आठ टक्के, तेही दोन्ही अयनदिनांच्या आसपासच. दुसरा आस आणि दुसरी मोटर लागतच नाही. नेम तपासायला पॅनेलच्या चौकटीवर 10 सेंटिमीटरचा खिळा काटकोनात उभा करा. त्याची पूर्व-पश्चिम सावली 1.3 सेंटिमीटरच्या आत असेल, तर तुम्ही त्या एका टक्क्याच्या आत आहात.

पाइपला बेअरिंग आणि पॅनेलच्या वजनाचा तोल मात्र नीट हवा. पॅनेल पाइपवर तोललेलं असेल तर बोटानेही फिरतं. नसेल तर मोटर कितीही मोठी घ्या, जळणारच. आणि मे महिन्यात नागपूरला संध्याकाळी वावटळ उठते तेव्हा पॅनेल उघड्या छत्रीसारखं उलटू पाहतं, म्हणून ते आडवं करून बांधायला खटका ठेवा.

फायदा किती? स्थिर पॅनेलला विषुवदिनाच्या सुमारास सकाळी आठला आणि दुपारी चारला थेट उन्हाचा निम्माच लाभ मिळतो, तिथे फिरणारं पॅनेल बाजी मारतं. स्वच्छ उन्हात दिवसाची वीज वीस-पंचवीस टक्के वाढू शकते. पावसाळ्यात ढगांतून विखुरलेला उजेड सगळीकडून येतो, तेव्हा हा फायदा जवळजवळ संपतो.

म्हणून नंदनवनातल्या घराच्या छतावर तीन किलोवॉट बसवायचे असतील, तर ट्रॅकरच्या, म्हणजे अशा फिरत्या पॅनेलच्या, नादी लागू नका. पॅनेल आता इतकं स्वस्त झालं आहे, की त्याच पैशांत एखादं जास्तीचं पॅनेल दक्षिणेकडे स्थिर बसवणं शहाणपणाचं. ट्रॅकर करायचा तो एका पॅनेलवरच्या छोट्या पंपासाठी. तिथे सकाळी लवकर पाणी सुरू होणं आणि संध्याकाळी उशिरापर्यंत चालणं यालाच मोल असतं. बागेला पाणी देणारा माणूस तिथे असतोच, पॅनेलही तोच सरकवील.